मुका सोमवार

आधीच सांगून ठेवते, मला हळू बोलायला जमत न्हाई. वालूरच्या पेठेत आमच्या अप्पाचं सरकी-पेंडीचं दुकान. तिथं ट्रक लागला की हमालांचा असा गलका व्हायचा की कुणाला पाणी पाहिजे का म्हणून इचारायचं तरी घशाच्या शिरा ताणाव्या लागायच्या. मी त्या गलक्यात वाढले. आई म्हणायची, "ह्या पोरीच्या तोंडाला झाकण बसवायचं इसरला देव." आन् जिच्या तोंडाला झाकण न्हाई, तिलाच या बाईनं नवसात मुकी करून टाकली. आता कुणाला सांगावं.

माझं नाव शिवरंजनी. घरात रंजू. अप्पाचं नाव शिवाप्पा. तुमी त्यांना आज खाटंवर बघितलं तर खरं वाटणार न्हाई, पण माझा बाप क्विंटलाचं पोतं एकटा पाठीवर घ्यायचा. मालक असून हमालाच्या रांगेत उभा राहायचा. पोतं उचलायच्या वक्ताला "हर्रऽ" म्हणून असा आवाज टाकायचा की समोरच्या चहावाल्याच्या कपबश्या हलायच्या. गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याच दुकानात, हातात साधी सुतळी होती, आन् अप्पा खाली बसले ते उठलेच न्हाईत. उजवी बाजू गेली. वाचा गेली. लकवा.

परभणीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणले, "डोक्यात रक्त गोठलंय. आजचा दिवस निघू द्या, मग बोलू." आन् गेले निघून. आईनं तिथंच, चपलांच्या ढिगाशेजारी फरशीवर बैठक मारली, आमा लिंगायतांच्या गळ्यात असतं ते इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं आन् नजर लावली. आमच्या घराण्यात नवसाची एक तऱ्हा हाय. नारळ, पेढे, चांदीचा पाळणा असलं काई न्हाई. आमच्यात जीभ देतात. सोळा सोमवार मुक्यानं धरायचे. दिवस उगवल्यापासून दिवा लागंपर्यंत तोंडातून शब्द काढायचा न्हाई. शब्द तर सोडाच, हुंकार सुदिक न्हाई. ठेच लागली तरी ओठ दाबून बसायचं. आन् सोमवार मोडला तर देवानं दिलेलं देव परत नेतो, असं आमच्या बायका मानतात.

आता हे सोमवार आईनं स्वतः धरायला पाहिजे होते का न्हाई? पण डॉक्टरच्या मागं पळायचं, औषधवाल्याशी हुज्जत घालायची, अप्पाच्या कानापाशी बसून हाका मारायच्या, हे सगळं तिलाच होतं. ती मुकी झाली असती तर चाललं नसतं. म्हणून तिनं डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आन् म्हणली, "रंजू, मी तुझी जीभ देऊन बसले."

"मला इचारलंस का?" मी म्हणले.

"इचारायला येळ होता का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी डोळे उघडले. आता बोला. मी म्हणते इंजेक्शन लागू पडलं. आई म्हणती, इंजेक्शन तरी कुणी धाडलं? तिच्याशी कोण वाद घालावा. अप्पांना घरी आणल्यावर माझे सोमवार सुरू झाले आन् गल्लीतल्या बायांना लय मजा वाटायला लागली. सोमवारी मुद्दाम हाक मारायच्या, "रंजू, आज कामून गप गं?" मी मंगळवारी सगळ्यांचा हिशेब चुकता करायचे.

पण माझी खरी फिकीर दुसरी होती. मला पोलीस व्हायचं होतं. कामून म्हणून इचारू नका, ज्याला वर्दी पाहिजे असती त्यालाच ते कळतंय. दोन भरत्या मी दिल्या. आठशे मीटर पळण्यात मी कुणाला ऐकत न्हाई, शंभर मीटरमध्ये बी न्हाई. दोन्ही येळंला मी गोळ्यात गेले. चार किलोचा लोखंडी गोळा, सहा मीटरच्या पुढं टाकला तर पुरे मार्क, अलीकडं पडला की मार्क कापले आन् मागच्या पोरी पुढं निघून गेल्या. आता तिसरी भरती निघाली होती आन् ही शेवटची. पुढच्या भरतीला माझं वय बसत न्हाई. भाऊ न्हाई, दुकानाचं शटर खाली, अप्पा खाटंवर. या खेपेला गोळा सहा मीटरच्या पुढं गेला पाहिजे म्हणजे पाहिजेच, त्याच्यापुढं मला दुसरं काई दिसत नव्हतं.

आमच्या अकॅडमीचे योगीराज सर जुने खेळाडू. त्यांनी माझं सगळं मोडून नव्यानं बसवलं. गोळा मानंला चिकटवायचा, गुडघ्यात बसायचं, कंबर फिरवायची आन् हात सुटायच्या वक्ताला पोटातून आवाज टाकायचा. मला आवाज टाक म्हणून सांगायची गरज होती का? मी अप्पाचा "हर्रऽ" उचलला. गोळा सहाच्या पुढं पडायला लागला. रोज पडायचा. फक्त सोमवारी पडंना.

आधी वाटलं, सोमवारी उपास बी असायचा, त्याच्यामुळं पडंना. मग एका सोमवारी आईच्या चोरून बाजरीची भाकर आन् ठेचा खाल्ला. देवाची माफी मागितली, पण खाल्ला. तरी गोळा रेघंच्या अलीकडंच. परसात मी चुन्याची रेघ मारली होती. मंगळवारी गोळा तिच्या पल्याड, सोमवारी अल्याड. मी त्या रेघंकडं बघून रडायची, ते बी आवाज न करता. आवाज न करता रडून बघा एकदा, म्हणजे कळंल.

अप्पांचा व्यायाम घ्यायला सेलूहून त्रिवेणी मॅडम यायच्या. फिजिओथेरपीवाल्या. तरणी बाई, स्कूटीवर यायची, आल्या आल्या अप्पाला दटावायची. अप्पाचा उजवा दंड हातात घेऊन एकदा मला म्हणली, "हे बघ, मांस तसंच हाय. पोतं उचलणारा दंड हाय हा अजून. डोक्यातून दंडाकडं हुकूम यायची जी वाट हाय ना, ती बुजली. हुकूम पोचंना तर दंड काय करील बिचारा?"

मॅडम एका सोमवारी आल्या आन् मला परसात गोळा टाकताना बघितलं. मंगळवारी मुद्दाम परत आल्या. म्हणल्या, "एकदा ओरडून टाक. एकदा गप राहून टाक." मी टाकला. ओरडून रेघंच्या पल्याड, गप राहून अल्याड. परत टाकायला लावलं, परत तेच.

"तुला कळलं का काय व्हायलंय ते?" मॅडम पायरीवर बसल्या. "तुझ्या अंगात जेवढी ताकद हाय तेवढी तुझं डोकं तुला कधीच वापरू देत न्हाई. हाड मोडंल, शीर तुटंल म्हणून भेतंय ते. घरातल्या म्हातारीवानी कोठीच्या किल्ल्या कमरेला लावून बसलंय. मागितलं तेवढं पायलीनं मोजून देतंय. तू जोरात ओरडलीस की म्हातारी दचकती. तेवढ्यात किल्ली सुटती, आन् तू पायलीच्या ठिकाणी पोतं घेऊन पळतीस."

"म्हणजे माझी ताकद दंडात न्हाई?"

"दंडात हाय. पण तिचा मालक वर डोक्यात बसलाय."

मी हसले. हसायची ती शेवटची येळ म्हणा. कारण त्याच आठवड्यात मैदानी चाचणीच्या तारखा लागल्या. योगीराज सरांचा फोन आला. आवाज पडलेला. म्हणले, "शिवरंजनी, तुझा नंबर सोमवारी लागलाय बाळा."

अकरावा सोमवार. तारीख बदलून मिळती का म्हणून सरांनी इचारून बघितलं. त्याच दिवशी दुसरी सरकारी परीक्षा असंल तर मिळती. देवाच्या सबबीवर मिळत न्हाई.

मी आईकडं गेले. ती अप्पाला भरवायली होती. भरवताना तिचं तोंड अखंड चालायचं. डाळ कुणाच्या घरची, पेठेत आज कोण आल्तं, कुणाच्या म्हशीला रेडकू झालं, सगळं अप्पाला सांगायची. अप्पा तिच्या तोंडाकडं बघत बसायचे. मी म्हणले, "आई, एक सोमवार मला सोड. वाटलं तर बदल्यात आणखी सोळा धरते."

तिनं वाटी खाली ठेवली. "पळायला जीभ लागती का?"

"पळायला न्हाई लागत. गोळ्याला लागती."

"गोळा काय तोंडानं फेकतात?"

मी तिला सगळं सांगितलं. म्हातारी, कोठी, किल्ल्या, सगळं. मॅडमनं सांगितलं त्याच्यापेक्षा चांगलं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणली, "तुझी वर्दी गेली तर मी तुला भाकर घालीन. जल्मभर घालीन. ह्यांचा जीव गेला तर तू मला काय घालशील?"

मी ताट आपटलं. परसात जाऊन भिंतीला लाथा घातल्या. मला आईचा इतका राग आल्ता की तिच्या देवाचा बी आला, आन् त्याच्यापाठोपाठ भेव वाटलं. कारण खरं सांगते, दिवसा मी कितीबी इंजेक्शन म्हणले तरी आत कुठं तरी वाटायचंच, की मोडला सोमवार आन् झालं काई तर? मी मोठी शहाणी, तरी वाटायचं.

मी अप्पापाशी गेले. इचारलं, "अप्पा, ओरडू का मी?" अप्पा म्हणले, "आं, आं." पाणी पाहिजे तरी ते तेच म्हणायचे, दुखलं तरी तेच. डोळ्यातून पाणी आलं त्यांच्या, पण ते पाणी तर त्यांना हल्ली कशानंबी यायचं. मला त्यातून हो बी काढता येईना, न्हाई बी काढता येईना.

मग अपेक्षानं रस्ता काढला. अपेक्षा माझ्यासंगं अकॅडमीत होती, शेतकऱ्याची पोर, डोकं लय तल्लख. म्हणली, "अगं तू न्हाई ओरडायचं ना? मी ओरडते की." त्रिवेणी मॅडमला इचारलं तर त्या म्हणल्या, "दचका बाहेरून आला तरी म्हातारीला चालतो. पण येळ साधली पाहिजे." मग आमी ते बसवलं. माझा हात सुटणार तेवढ्यात अपेक्षा माझ्या पाठीमागून अशी किंचाळायची की भिताडावरची मांजर पळून जायची. गोळा रेघंवर पडायला लागला. कधी वर, कधी बोटभर पुढं. मला वाटलं, निघतंय बाबा यातून.

सोमवारी पहाटं आमी परभणीच्या पोलीस मैदानाच्या फाटकाशी होतो. आई संगं आली. म्हणजे यायचीच. अप्पापाशी नागनाथ काकाला बसवून आली. ती काय मला धीर द्यायला आली नव्हती, राखण करायला आल्ती. फाटकाच्या बाहेर, भिंतीला लागून लिंबाचं झाड होतं, त्याच्या बुडाशी बसली. म्हणली, "मी हितंच हाय." मी मान हालवली. दिवस उगवला होता.

आत हजेरी सुरू झाली. माझं नाव पुकारलं. मी हात वर केला. हजेरी घेणारी पोलीस बाई म्हणली, "तोंडानं हजर म्हणायचं." मी परत हात वर केला, ओळखपत्र पुढं धरलं. "मुकी हाय का ही?" बाईनं वर बघितलं. मुक्या माणसाला पोलिसात कोण घेतंय? अपेक्षा मागून बोलली, "घसा बसलाय तिचा, मॅडम. सराव करून करून." बाईनं माझ्याकडं नीट बघितलं आन् छातीवर लावायचा नंबर दिला.

आठशे मीटर मी दात आवळून पळाले. सगळ्या पोरी धापा टाकत, कण्हत पळायल्या होत्या, मी ओठ मिटून. शेवटच्या चकरीला छाती फुटती काय असं झालं, तरी तोंड उघडलं न्हाई. शंभर मीटर बी झालं. दोन्हीचे मार्क चांगले पडले. आता फक्त गोळा.

आन् तिथं अपेक्षाची तुकडी येगळी काढली. ती मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. तिनं साहेबाला काई तरी सांगायचा प्रयत्न केला, साहेबानं रांगंत ढकललं. ती तिकडून माझ्याकडं बघायली, मी हिकडून तिच्याकडं.

तीन संधी असतात. पहिल्या संधीला मी रिंगणात गेले. मनातल्या मनात ओरडायचं ठरवलं होतं. मनातल्या मनात लय मोठ्यानं ओरडले. गोळा पडला. टेप धरली. कमी.

दुसऱ्या येळंला म्हणले, आता सगळा जोर लावायचा. दंड, मान, जबडा, जे असंल ते आवळलं. आन् तेच नडलं. अंग ताठ झालं, हात सुटायच्या आधीच अडकला. गोळा पहिल्यापेक्षा अलीकडं पडला. टेप धरणारा शिपाई म्हणला, "ताई, अंग मोकळं सोडा, एकच राहिली."

एकच राहिली. मी गोळा उचलला. तो मला कधी एवढा जड लागला नव्हता. भिंतीच्या पल्याड आई होती, दिसत नव्हती पण होती, कान लावून बसली असणार. घरी अप्पा होते. त्यांचा तो दंड, मांसानं भरलेला, हुकुमाची वाट बघत पडलेला. माझा बी तसाच झाल्ता. माझ्यातबी ताकद होती, आन् हुकूम पोचत नव्हता, आन् तो मी स्वतःच्या हातानं अडवून धरला होता. मला अप्पाचा जीव पाहिजे होता. मला वर्दी पाहिजे होती. दोन्ही पाहिजे होतं, लाज वाटावी इतकं पाहिजे होतं. मी गुडघ्यात बसले तवर माझं ठरलं नव्हतं. कंबर फिरली तवर ठरलं नव्हतं.

"हर्रऽ"

आख्खं मैदान फिरून बघायला लागलं. गोळा कुठं पडला ते मला दिसलंच न्हाई, मी खाली बघत होते. शिपायानं टेप धरली आन् म्हणला, "हाय की ताकद. आधी कुठं ठेवल्ती?" सहाच्या पुढं, चांगला पुढं. पोरींनी टाळ्या वाजवल्या. मी तिथंच मातीत बसले.

बाहेर आले तर आई उभी होती. तोंडावर रक्ताचा थेंब न्हाई. ट्रकच्या गलक्यात ती माझा आवाज निवडायची, तिला भिंतीपलीकडचा कळणार न्हाई का? एवढंच म्हणली, "घरी फोन लाव."

लावला. नागनाथ काका म्हणले, "अप्पा निजलेत. बरे हायत."

"उठवा म्हणावं. उठवून मला आवाज ऐकवा," आई म्हणली.

काकांनी उठवलं. फोनमधून आलं, "आं, आं." आईनं फोन कानाला असा दाबून धरला की तिच्या गालावर वळ उठला. मग तिनं फोन माझ्या हातात दिला, लिंबाखाली बसली आन् गळ्यातलं लिंग काढून तळहातावर घेतलं. रस्त्यावर आटो वाजायले, चहावाला ओरडायला, पोरींचे बाप इचारायले कुणाला किती पडले. मला कळलं ती काय करायली, दवाखान्यातल्यावानी परत नवस बोलायली. लिंग हातावर असताना त्या हाताला हात लावत न्हाईत आमच्यात. मी लावायला गेले आन् थांबले. आज वाटतं, लावायला पाहिजे होता, हिसका देऊन ओढून न्यायला पाहिजे होतं.

तिनं लिंग परत गळ्यात घातलं. म्हणली, "मोडला सोमवार त्याचा दंड मी भरते. ह्यांच्या जिवाला माझी जीभ लावली. हे हायत तवर मी बोलणार न्हाई. दिवसा न्हाई, राती न्हाई. तू आता खुशाल बोल."

हे तिचं शेवटचं बोलणं. मी रस्त्यात तिच्या पाया पडले, शिव्या दिल्या, तिचा पदर धरून ओढला. लोक बघायले. ती पदर सोडवून आटोत बसली.

पुढं लेखी झाली, यादी लागली, माझं नाव आलं. आईनं माझ्या तोंडात साखर घातली, डोक्यावरून हात फिरवला, डोळे भरून आले तिचे. शब्द न्हाई. अप्पा जिते हायत. आई रोज त्यांच्याकडं बघती आन् माझ्याकडं बघती, म्हणजे बघ, पावला का न्हाई.

मग एक दिवस त्रिवेणी मॅडम अप्पाचा हात खाली ठेवून आईकडं वळल्या. म्हणल्या, "मावशी, हात जरासा हालायलाय, पण वाचा मागं पडली. तुमी आधी दिवसभर बोलायच्या ना ह्यांच्याशी? तेच औषध होतं. कानावर बोलणं पडत राहिलं तर डोक्यातली ती वाट हळूहळू उघडती. दिवसभर संगं असणारं माणूसच बोललं न्हाई तर बुजती ती. मागं एकदा-दोनदा ह्यांच्या तोंडून 'पा' निघालं होतं, आता ते बी बंद झालं. बोला त्यांच्याशी, मावशी. तुमच्या बोलण्याबिगर हे बोलणार न्हाईत."

आईनं सगळं ऐकलं. हात जोडले. उठून मॅडमसाठी चहा ठेवायला गेली. मी स्वयंपाकघरात तिच्या मागं गेले आन् नको ते बोलले. म्हणले, "तू वाचवत न्हाईस त्यांना. तू गप बसून मारायलीस." तिनं पातेलं हातातून सोडलं. पदर तोंडात कोंबला आन् तशीच भिंतीला टेकून उभी राहिली. तिचं आख्खं अंग हालायलं होतं. बाईला किती बोलायचं असंल त्या येळंला. पण तिला वाटतं, आपण एक शब्द काढला की बाहेर खाटंवर श्वास थांबणार. तिला मी हे खोटं हाय म्हणून कसं पटवू? मी तर ओरडून बसले होते, आन् त्याच्यापायीच हे झाल्तं.

मी आता ट्रेनिंग सेंटरला हाय. वर्दी अंगावर आली. परेडला माझा आवाज सगळ्यात मोठा, साहेब खूश हायत. सांजच्याला जरा येळ फोन हातात देतात. मी घरी लावते. आई उचलती. पलीकडून नुसता श्वास येतो. मग ती फोन अप्पाच्या कानाला लावती, आन् मी बोलत सुटते. आज काय जेवले, कोण पळताना पडली, कोणती बाई खडूस हाय, आईनं जे जे सांगितलं असतं ते सगळं, अप्पाच्या डोक्यातली वाट बुजू नये म्हणून, तेवढ्या येळात जेवढं कोंबता येईल तेवढं. पलीकडून कधी "आं" येतं, कधी तेबी येत न्हाई.

मला आईचा आवाज ऐकायचाय. लय ऐकायचाय. मला तिनं एकदा "रंजू" म्हणावं, शिव्या घालाव्यात, कायबी म्हणावं. पण ती कधी बोलणार हे तिनं सांगून ठेवलंय. म्हणून रोज फोन लावते, पलीकडं कुणी तरी उचलतं, आन् त्या वक्ताला मी डोळे मिटून एवढंच मागते, की आईनं बोलू नये.